मित्राची गोष्ट कोणाची? : मराठी साहित्यातील आत्मस्वीकार, मनःस्वास्थ्य आणि मैत्री

१

मराठी समीक्षेत 'आत्मभान' ही संज्ञा चांगली रुळलेली आहे. दलित साहित्य आणि स्त्रीवादी साहित्य यांच्या चर्चेत तिने महत्त्वाचे कार्य केले आहे. 'आत्मस्वीकार' ही तिच्या शेजारची, परंतु वेगळी संज्ञा होय. आपण कोण आहोत हे कळणे म्हणजे आत्मभान. जे कळले त्यासह जगता येणे म्हणजे आत्मस्वीकार. पहिले घडले म्हणजे दुसरे आपोआप घडते असे नाही. उलट, भान आले आहे आणि स्वीकार घडलेला नाही, अशा अवस्थेत माणूस दीर्घकाळ अडकून पडू शकतो. समलिंगी, पारलिंगी आणि अन्य क्विअर व्यक्तींच्या, त्याचप्रमाणे ज्यांच्या मेंदूची घडणच बहुसंख्यांहून निराळी आहे अशा न्यूरोडायव्हर्जंट व्यक्तींच्या मानसिक व्यथेचा विचार करताना हा मधला प्रदेश नजरेसमोर ठेवणे आवश्यक ठरते.

या प्रदेशाचे चित्रण मराठी साहित्याने कसे केले, आणि त्यात मैत्री या नात्याला कोणते स्थान दिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक आणि सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी या दोन संहिता येथे प्रामुख्याने विचारात घेतल्या आहेत. या संहितांमधील व्यथेचे मूळ पात्रांच्या इच्छेत नसून ती इच्छा ऐकून घेणारा कोणी नसण्यात आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार केला पाहिजे. वैद्यकशास्त्राने समलिंगी आकर्षणाला दीर्घकाळ विकार मानले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये ते विकारांच्या यादीतून वगळले; जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तसाच निर्णय घेतला. भारतात १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ ची टांगती तलवार त्यानंतरही कायम होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या परस्परसंमतीने होणाऱ्या संबंधांपुरते ते कलम घटनाबाह्य ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने असे संबंध गुन्हेगारीच्या कक्षेतून कायमचे बाहेर काढले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही येथे महत्त्वाचा आहे. एखाद्याचे वर्तन त्याच्या समाजातील प्रचलित नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी जुळत नाही, एवढ्या कारणावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असे हा कायदा सांगतो.

न्यूरोडायव्हर्जंट या संकल्पनेचा इतिहास त्याहून अलीकडचा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांतील स्वमग्न व्यक्तींच्या चळवळीतून मेंदूच्या वैविध्याची कल्पना पुढे आली. स्वमग्नता, अवधानातील अस्थिरता, वाचनलेखनातील विशिष्ट अडचण ही केवळ व्यंगे नसून मानवी मनाच्या घडणीचे भिन्न प्रकार आहेत, अशी तिची भूमिका आहे. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला.

कायद्याची भाषा बदलली तरी व्यवहाराची भाषा त्याच वेगाने बदलत नाही. 'वेडसर', 'चक्रम', 'विक्षिप्त', 'बायल्या' हे मराठीतील शब्द माणसाचे वर्णन करीत नाहीत. ते त्याला रांगेबाहेर उभे करतात. हे शब्द बहुधा वर्गात, खेळाच्या मैदानावर, लग्नघरात प्रथम कानी पडतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात स्वतःविषयीचे विशेषण म्हणून घर करतात. इलान मेयर या अभ्यासकाने 'अल्पसंख्याकत्वाचा ताण' ही जी संकल्पना मांडली, तिचा आशय हाच आहे : ताणाचा उगम व्यक्तीच्या भिन्नतेत नसतो, त्या भिन्नतेला मिळणाऱ्या वागणुकीत आणि त्या वागणुकीच्या सततच्या धास्तीत असतो.

मराठी वाचकाला आपली शंका निर्भयपणे विचारण्याची एक जागा र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने (१९२७ ते १९५३) उपलब्ध करून दिली होती. लैंगिक जीवनाविषयीचे प्रश्न वाचक पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना वैज्ञानिक दृष्टीने उत्तरे देत. त्या उत्तरांपायीच खटला उभा राहिला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडली. त्या पत्रव्यवहारात मैत्री नव्हती हे खरे. परंतु ऐकून घेणारा कोणीतरी होता. ललित साहित्यात हा श्रोता पुढे कोणत्या रूपाने येतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

३

'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. नाटकाचा काळ स्वातंत्र्यपूर्व, चाळिशीच्या दशकातील आहे. महाविद्यालयात शिकणारी सुमित्रा देव, तिच्यावर प्रथम लुब्ध झालेला आणि पुढे तिचा जिवलग बनलेला बापू, नाटकाच्या निमित्ताने तिच्या आयुष्यात आलेली नमा, आणि नमावर हक्क सांगणारा दळवी यांच्या संबंधांतून नाट्य आकार घेते. मित्राला पुरुषाविषयी आकर्षण वाटत नाही. तिचे प्रेम नमावर आहे. हे प्रेम उघड झाल्यावर दळवी तिची कोंडी करतो, नमा दुरावते, बापूही अखेरीस संबंध तोडतो आणि मित्रा आयुष्य संपविते.

या नाटकाच्या शीर्षकातील व्याकरण मुद्दाम पाहण्याजोगे आहे. 'मित्र' या पुल्लिंगी नामाचे षष्ठीचे रूप 'मित्राची' होते. 'मित्रा' या सुमित्राच्या लाडक्या संक्षेपाचे रूपही 'मित्राची' असेच होते. मैत्रीण म्हणावयाचे असते तर 'मैत्रिणीची' असे म्हणावे लागले असते. ज्या स्त्रीला समाजाने ठरविलेले स्त्रीत्व मानवत नाही तिचे नाव आणि मित्रवाचक पुल्लिंगी नाम ही येथे एकाच रूपात मिसळली आहेत. शिवाय ही गोष्ट मित्राची की मित्राच्या मित्राची, म्हणजे बापूची, हाही प्रश्न शीर्षकात दडलेला आहे. ती सांगतो बापू. मित्रा प्रेक्षकांपर्यंत पोहोचते ती एका मित्राच्या आठवणीतून, आणि त्या आठवणीत अपराधाची बोचणी आहे.

बापूचे पात्र या दृष्टीने अधिक बारकाईने वाचले पाहिजे. तो न्यूनगंडाने ग्रासलेला, बुजरा तरुण आहे. मित्रासारख्या तडफदार मुलीने आपल्याला जवळ करावे, याचेच त्याला अप्रूप वाटते. तिची खरी ओळख कळल्यावर त्याच्या पुरुषी आशेला तडा जातो. तरीही तो दूर होत नाही. मृत्यूच्या दारातून परतलेली मित्रा त्याच्यापाशी मन उघडे करते, आणि तो ऐकतो. नाटकातील आत्मस्वीकाराचा क्षण हाच होय. मित्राला आपल्या इच्छेचे भान पूर्वीच आलेले असते. कोणासमोर तरी ते उच्चारले गेल्यावर आणि ऐकणारा उठून न गेल्यावर त्या भानाचे स्वीकारात रूपांतर होऊ लागते. बापू तिला उपदेश करीत नाही, बरे करू पाहत नाही. तो केवळ थांबतो. पुढे नमाला भेटण्यासाठी तो आपली खोलीही देतो. मैत्रीला जागा लागते, हे सत्य तेंडुलकरांनी येथे अगदी व्यावहारिक पातळीवर मांडले आहे.

परंतु हीच मैत्री पुढे तुटते, आणि ती का तुटते हा नाटकातील अवघड प्रश्न आहे. मित्राच्या वागण्यातील हट्ट, ईर्ष्या, मद्यपान यांचा भार बापूला पेलवत नाही, असे एक उत्तर देता येते. ते खोटे नाही. मात्र हा भार एकट्या बापूवर येऊन पडला, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मित्राला घर नाही, शिक्षक नाहीत, वैद्य नाही, तिच्यासारखी दुसरी कोणी परिचित नाही. संपूर्ण समाजाने जे द्यावयाचे ते एका न्यूनगंडग्रस्त विद्यार्थ्याने द्यावे अशी ही परिस्थिती आहे. मित्राचा अंत तिच्या समलिंगी असण्याची अपरिहार्य परिणती म्हणून वाचणे हे या संहितेचे सोपे आणि चुकीचे वाचन होय. जोवर एक मनुष्य ऐकत होता तोवर ती जगली, हे संहितेतील घटनाक्रमच सांगतो.

४

'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१३ मध्ये जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद आला आणि २०२२ मध्ये लेखकानेच दिग्दर्शित केलेला चित्रपट प्रदर्शित झाला. पुण्यातील मध्यमवर्गीय जोशी कुटुंबात एक तरुण भाडेकरू म्हणून राहावयास येतो. घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा दोघेही, एकमेकांच्या नकळत, त्याच्या प्रेमात पडतात. तो अनुजाबरोबर निघून जातो आणि पुढे तिलाही सोडून जातो. कादंबरीचे दोन भाग आहेत : पहिला तनयचा, दुसरा अनुजाचा. भाडेकरूला नाव नाही.

या रचनेचे महत्त्व मनःस्वास्थ्याच्या संदर्भात ध्यानात येते. एकाच माणसाच्या जाण्याने दोन भावंडांना सारखीच जखम होते. पण घराला एकच जखम दिसते. परतलेल्या अनुजाला खचलेली पाहून कुटुंब हादरते, तिच्यासाठी उपचारांची व्यवस्था होते, तिचे दुःख रागाने का होईना पण बोलण्याचा विषय बनते. तनयला मात्र या सर्व धावपळीत सहभागी व्हावयाचे आहे, समंजस भाऊ म्हणून. त्याच्या दुःखाला घरात नावच नाही. मान्यता नसलेल्या प्रेमाचा शोक हाही मान्यता नसलेला शोक असतो, आणि उपचाराच्या वाटेवर पाऊल ठेवण्यासाठी लागणारे पहिले वाक्यच तेथे उच्चारता येत नाही.

तनयचा भाग निघून गेलेल्या प्रियकराला 'तू' असे संबोधून लिहिला आहे. येथे मराठी भाषेचा एक विशेष कामी येतो. मराठीत अनेक काळांतील क्रियापद बोलणाऱ्याचे आणि ज्याच्याशी बोलावयाचे त्याचेही लिंग उघड करते : 'मी आलो', 'मी आले'; 'तू गेलास', 'तू गेलीस'. इंग्रजीत 'तू' आणि 'मी' यांच्या आड बोलणाऱ्याला दीर्घकाळ लपता येते. मराठीत ते शक्य नाही. तनयचे प्रत्येक भूतकालीन वाक्य दोन पुरुषांमधील प्रेमाची कबुली देत जाते. मात्र ही कबुली ऐकण्यास समोर कोणी नाही; संबोधन आहे, श्रोता नाही. अनुजाचा भाग रोजनिशीच्या स्वरूपाचा आहे. तेथेही लेखनच श्रोत्याची जागा घेते. फरक एवढाच की अनुजाच्या रोजनिशीच्या मागे प्रत्यक्ष उपचार आणि प्रत्यक्ष माणसे आहेत. तनयच्या 'तू'मागे रिकामी खोली आहे.

भाषेचा हाच विशेष पारलिंगी व्यक्तीच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. 'आलो' की 'आले' हा तिच्यापुढे दर वाक्यागणिक उभा राहणारा प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. त्या हक्काची रोजची कसोटी मात्र अशा क्रियापदांत लागते. एखादा मित्र जेव्हा सहजपणे योग्य क्रियापद वापरतो, तेव्हा त्याने फार मोठे काही केले असे त्याला स्वतःला वाटतही नसेल. ऐकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक असते.

५

न्यूरोडायव्हर्जंट व्यक्तींचा विचार या चर्चेत का यावा, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर संशोधनाने दिले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पारलिंगी आणि लिंगवैविध्य असलेल्या व्यक्तींमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण इतरांच्या तिपटीपासून सहापटीपर्यंत अधिक आढळले. यांतील एक दुसऱ्याचे कारण आहे असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही; परंतु अनेकांच्या आयुष्यात या दोन वाटा एकत्र येतात, एवढे निश्चित.

दुसरे उत्तर अनुभवाच्या स्वरूपात आहे. दोन्ही ठिकाणी 'सोंग' हा अनुभव मध्यवर्ती असतो. स्वमग्न व्यक्ती समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याचा सराव करते, हसावयाच्या जागा पाठ करते, गोंगाटाचा त्रास चेहऱ्यावर दिसू देत नाही. समलिंगी तरुण स्थळाविषयीच्या थट्टेत इतरांबरोबर हसतो. हे सोंग उत्तम वठले म्हणजे लोक समाधानी होतात आणि ते वठविणारा थकून जातो. शिवाय त्याला मिळणारे प्रेमही सोंगालाच मिळत आहे, अशी शंका त्याच्या मनाला कुरतडत राहते. आत्मस्वीकाराला हा सर्वांत मोठा अडसर होय.

'स्वमग्नता' हा मराठी प्रतिशब्द येथे तपासून पाहावा लागतो. मूळ पाश्चात्त्य संज्ञा ग्रीक भाषेतील 'स्व' या अर्थाच्या शब्दावरून घेतली गेली. मराठी शब्द तिचे निष्ठेने अनुसरण करतो. परंतु त्यामुळे असा माणूस स्वतःत बुडालेला असतो, त्याला मैत्री नकोच असते, असा समज दृढ होतो. स्वमग्न व्यक्तींचे स्वतःचे कथन याच्या विरुद्ध साक्ष देते. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये असे मांडले की, परस्परांना न समजण्याचा दोष एकतर्फी नसतो. स्वमग्न व्यक्तीला इतर समजत नाहीत, तशीच इतरांना ती समजत नाही. सहसंवेदनेचा अभाव दोन्ही काठांवर असतो. पुलाची जबाबदारी मात्र एकाच काठावर टाकली जाते.

येथे समीक्षकाने एक पथ्य पाळले पाहिजे. साहित्यातील पात्रांना वैद्यकीय निदाने चिकटविण्याचा मोह टाळावयास हवा. मित्राचा तडफदारपणा, बापूचा बुजरेपणा किंवा तनयचे एकाकीपण यांना लक्षणांची यादी लावून पाहिल्याने संहिता अधिक कळते असे नाही. त्या पात्रांना कोण ऐकते, कोण ऐकत नाही आणि ऐकण्याचे कोणते रूप त्यांना जगवते, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

६

साहित्याबाहेर, चळवळीच्या क्षेत्रात योजिलेल्या नावांकडे पाहिले असता एक लक्षणीय साम्य दिसते. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत सुरू केलेल्या नियतकालिकाचे नाव 'बॉम्बे दोस्त'. त्यांच्याच पुढाकाराने १९९४ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेचे नाव 'हमसफर'. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात स्थापन केलेली संस्था 'समपथिक', आणि समलिंगी तरुणाच्या जीवनावरील त्यांची २००५ ची कादंबरी 'पार्टनर'. हे शेवटचे नाव मराठी वाचकाला व. पु. काळे यांच्या त्याच नावाच्या लोकप्रिय कादंबरीमुळे मित्राचे संबोधन म्हणून आधीच परिचयाचे होते. दोस्त, सहप्रवासी, समपथिक, पार्टनर : यांतील एकही नाव वैद्यकशास्त्रातून अथवा कायद्यातून आलेले नाही. सर्व शब्द सोबतीचे आहेत.

याचा अर्थ मैत्री उपचारांची जागा घेऊ शकते, असा मात्र नाही. बापूची शोकांतिका नेमके हेच सांगते. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मानसिक आरोग्यविषयक संस्थेसारख्या प्रयत्नांमुळे मनोविकारांविषयी मराठीत मोकळेपणाने बोलले जाऊ लागले. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती मानावे, ही २०१७ च्या कायद्याची भूमिकाही त्याच दिशेची आहे. समलिंगी कल 'बदलून' देण्याचे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मित्राला यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. मित्र हा उपचारक नसतो; परंतु उपचारकाच्या दारापर्यंत सोबत येणारा बहुधा तोच असतो.

७

या संहितांचे वाचन आज कोठे होते, हा प्रश्न अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नवी मुंबईतील सारसोळे हे नेरूळलगतचे, खाडीकाठचे कोळ्यांचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या परिसरात नवे शहर वसविले गेले. सारसोळ्याचे गावठाण आज नेरूळच्या नियोजित सेक्टरांनी वेढलेले आहे. एकीकडे घराला घर लागून असलेली भावकीची वस्ती, जेथे कोण कोणाबरोबर दिसला हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. दुसरीकडे बंद दारांच्या इमारती, जेथे शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते. भिन्न असणाऱ्या तरुणाला पहिल्या ठिकाणी आडोसा नाही आणि दुसऱ्या ठिकाणी आधार नाही. पहिल्या ठिकाणच्या नात्यांत ऊब आहे, पण त्या उबेची किंमत लग्नाच्या वयात मोजावी लागते. दुसऱ्या ठिकाणी स्वातंत्र्य आहे, पण आजारी पडल्यावर पेज आणून देणारे कोणी नाही.

अशा दोन वस्त्यांमधून येणारे विद्यार्थी एकाच वर्गात बसून 'मित्राची गोष्ट' वाचतात, तेव्हा महाविद्यालय हीच त्यांची तिसरी जागा असते. नाटकातही मित्रा आणि बापू यांची गाठ महाविद्यालयातच पडते, हा योगायोग मानता येणार नाही. वर्गातील एखाद्या बाकावर मित्रा बसलेली असण्याची शक्यता गृहीत धरूनच हे नाटक शिकवावयास हवे. 'विकृती', 'अनैसर्गिक संबंध', 'समस्याप्रधान नाटक' यांसारखे शब्द जुन्या टिपणांतून जसेच्या तसे सांगितले गेले, तर त्या बाकावरील विद्यार्थ्याला संहितेपूर्वीच निकाल ऐकू जातो. उलट, बापूने कोठे ऐकले आणि कोठे ऐकणे थांबविले, या प्रश्नापासून चर्चेला आरंभ केल्यास उरलेले सारे विद्यार्थी आपोआप बापूच्या जागी येतात, आणि प्रश्न त्यांच्यापुरता प्रत्यक्ष होतो.

८

सारांश, आत्मस्वीकार ही एकांतात पार पडणारी क्रिया आहे, या समजुतीला या दोन्ही संहिता छेद देतात. स्वीकार घडतो तो श्रोत्याच्या साक्षीने. 'मित्राची गोष्ट'मध्ये श्रोता आहे, पण तो एकटा आहे आणि त्याचे बळ अपुरे पडते. 'कोबाल्ट ब्लू'मध्ये एका भावंडाला श्रोते लाभतात, दुसऱ्याला केवळ कागद. दोन कृतींमध्ये पंचवीस वर्षांचे अंतर आहे. त्या अवधीत मरण अटळ राहिले नाही, हा बदल लहान नव्हे. परंतु ऐकणाऱ्यांची उणीव पुरती भरून निघाली असे म्हणता येत नाही.

न्यूरोडायव्हर्जंट व्यक्तीचे स्वतःच्या शब्दांतील कथन मराठी ललित गद्यात याच ताकदीने अवतरेल, तेव्हा 'स्वमग्न' या शब्दाचा अर्थही बदलू लागेल. तोपर्यंत समीक्षेने उपलब्ध संहितांमधील बापूंकडे अधिक लक्ष द्यावे. मित्रा का मेली, हा प्रश्न आजवर पुष्कळदा विचारला गेला आहे. ती एवढे दिवस कशाच्या बळावर जगली, या प्रश्नाचे उत्तर नाटकाच्या शीर्षकातच दिलेले आहे.